नायक कोणी निवडावा?

2012 सालच्या मार्च महिन्यात कॅनडातील एडमंटन शहरी 'बायोवेअर' नावाच्या कंपनीच्या कचेरीत केकांच्या पेट्या येऊन पडल्या. मुठीत मावतील एवढे लहान केक, संख्येने चारशेवर. वरच्या साखरेचे रंग तीन, तांबडा, हिरवा आणि निळा. आतली चव मात्र साऱ्यांची एकच. पाठवणारे कंपनीचेच गिऱ्हाईक होते आणि ही त्यांची तक्रार होती. कंपनीने 'मास इफेक्ट' नावाचा एक मोठा कथाखेळ 2007 पासून तीन भागांत काढला. खेळणारा वाटेत जसे निर्णय घेईल तशी कथा वळत जाईल, असे त्याला वचन होते. पाच वर्षे माणसे त्या वचनावर खेळली. तिसऱ्या भागाच्या अखेरीस तीन वाटा समोर आल्या, आणि कोणतीही धरली तरी उजेडाचा रंग तेवढा बदलला. पुढे दिसले ते जवळजवळ एकच. म्हणून रंग तीन आणि चव एक. आपल्याकडे सासरच्या माणसांना टोमणा मारायला करंजीत सारणाऐवजी कोंडा भरल्याच्या गोष्टी सांगतात, त्याच जातीची ही थट्टा. कंपनीच्या मंडळींनी ते केक निराधार मुलांच्या आश्रयगृहाला देऊन टाकले.

असले खेळ मुलांचे नव्हेत. अमेरिकेत त्यांवर 'सतरा वर्षांवरील माणसांसाठी' अशी खूण असते. त्यांत शृंगार असतो, रक्तपात असतो, आणि चांगल्या खेळात माणसाला झोपू न देणारे प्रश्नही असतात. मराठीत या बाबतीत एक सोय आहे. विटीदांडू हा खेळ, आणि तमाशाच्या प्रयोगाला लोक म्हणतात तोही खेळच. रात्री दहाला तंबूत सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारा तो प्रौढांचा खेळ आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला आणि घरी येऊन त्याविषयी अवाक्षर काढले नाही. कथा कोणाची, नायक कोण, शेवट काय, हे कर्त्याने ठरवावे की समोर बसलेल्यांनी, हा तंटा संगणकाने जन्माला घातला असे पुष्कळांना वाटते. तो तंटा जुना आहे. आणि त्याचे दोन साक्षीदार आमच्या परभणीच्या बाजूला, गोदावरीच्या काळ्या रानात सापडतात: एक जत्रेतला तंबू, आणि दुसरे घरातले जाते. तंबूत पुरुष बसत, जात्याशी बाया. या दोन प्रेक्षकवर्गांनी कथेकडे जे मागितले ते इतके वेगळे आहे की एकाचीच मागणी ऐकून निकाल देणारा फसल्याशिवाय राहत नाही.

आधी तंबू.

सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी उरली ती घरात, शेतात, कीर्तनात आणि जत्रेत. ज्याला लिहिता येत नव्हते आणि लिहिले तरी छापायला जागा नव्हती, त्याने एखादा खेळ आवडला की नाही हे सांगायचे कसे? तोंडाने, तिथल्या तिथे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजाराइतकीच ती तमाशाच्या फडांसाठी नावाजलेली. परभणीकडचा शेतकरी तिथे बैल पाहायला जाई आणि रात्री तंबूत बसे.

तमाशाची मांडणी ठरलेली. आधी गण, मग गवळण, तिच्यात पेंद्या आणि पुरुषानेच वठवलेली मावशी. मग रंगबाजीच्या लावण्या. आणि रात्र चढली की वग. हा वग तमाशात उशिरा आला. 1865 च्या सुमारास उमाजी सावळजकराने रचलेला 'मोहना-बटाव' हा पहिला वग असे सांगतात. वगाची पदे शाहिराने बांधलेली असत, पण संवाद लिहिलेले नसत. फडाचा सरदार कथेचा सांगाडा सांगे: राजा इथे फसतो, राणी इथे घर सोडते, प्रधान इथे मारला जातो. मधले बोलणे ज्याचे त्याने जागच्या जागी करायचे. म्हणजे प्रत्येक गावात तोच वग निराळा होई. गाव हसले तर प्रसंग लांबे, गाव जांभया देऊ लागले तर तो आटपे. छापील नाटकाला ही मोकळीक नसते.

समोरच्याने मागणी करायची ती दोन तऱ्हांनी. पहिली दौलतजादा. पैसे पुढे करायचे, नाव पुकारून घ्यायचे, आणि हवी ती लावणी मागायची. ही मागणी ज्याच्या खिशात पैसा त्याची. आणि तिची दुसरी बाजू घाणेरडी होती हे दडवण्यात अर्थ नाही. नाचणारी बाई कोल्हाटी, महार किंवा मांग घरची; पैसा धरणारा हात गावातल्या थोराचा; नोट देताना तो हात किती रेंगाळेल याला तिच्याजवळ उत्तर नसे. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, ब्राह्मण असून तमाशात शिरले, पवळेबरोबर उभे राहिले, आणि त्यासाठी जातीने त्यांना बाहेर टाकले. पवळेला मात्र कोणी कोठून बाहेर टाकणार? ती आधीच बाहेर होती. प्रौढांच्या खेळाचा हिशेब मांडताना ही रक्कम पहिल्या ओळीत लिहावी लागते. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दौलतजादा लावणीवर होई. राजाने राणीला परत घ्यावे की नाही, हे त्या पैशात येत नसे.

दुसरी तऱ्हा मला अधिक मोलाची वाटते, आणि ती सोंगाड्याच्या रूपाने खेळातच बसवलेली होती. वगात राजाच्या शेजारी सोंगाड्या चाकर होऊन उभा राहतो. राजा काही अविचार करायला निघाला की समोरच्या माणसाच्या मनात येते, 'अरे, या गड्याला अक्कल नाही काय?' नेमके तेच सोंगाड्या मोठ्याने विचारतो. राजा रागावतो, चाबूक उगारतो, सोंगाड्या उलटे उत्तर देतो, तंबू हसतो. राजा करायचे तेच करतो; सांगाडा हलत नाही. पण प्रेक्षकाचा आक्षेप नोंदला जातो, तोही राजासमक्ष. कोणा शहाण्याने कागदावर आखून ही व्यवस्था केलेली नाही. शेकडो रात्रींच्या हशातून ती तयार झाली. कथा वाकवायची नाही आणि ऐकणाऱ्याला मुकेही करायचे नाही, या दोन अटी एकदम पाळणारी याहून साधी युक्ती मला ठाऊक नाही.

कधी कधी मात्र प्रेक्षकांनी नायकच बदलून टाकला. 'गाढवाचं लग्न' हा प्रसिद्ध वग पाहा. कथेच्या हाडामासाने नायक आहे तो शाप मिळून गाढव झालेला गंधर्व. राजकन्या त्याला मिळायची असते. पण लोक पाहायला येत ते सावळ्या कुंभार आणि त्याची बायको गंगी यांना. दादू इंदुरीकर, मूळचे नाव गजानन सरोदे, सावळ्या होऊन उभे राहिले की गंधर्वाची चौकशी करायला कोणाला सवड नसे. कुंभार, त्याचे गाढव, त्याची बायको आणि राजवाड्यात घडणारी त्याची फजिती हीच कथा होऊन बसली. हा निर्णय कोणी मत टाकून घेतला नाही. लोक जिथे हसले तिथे इंदुरीकर थांबले, आणि जिथे थांबले तिथे नायक तयार झाला. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या 1965 सालच्या लोकनाट्यात दादा कोंडक्यांच्या हवालदाराने तीच रीत शहरातल्या नाट्यगृहात नेली. ताज्या राजकारणावरचे बोलणे प्रयोगागणिक बदलत जाई.

या साऱ्याला पुढे सरकारी शिक्का आडवा आला. रंगभूमीवरच्या प्रयोगांची आधी तपासणी करणारे परिनिरीक्षण मंडळ आले आणि संहिता लिहून मंजूर करून घेण्याची अट तमाशालाही लागली. जागच्या जागी बोलणाऱ्याने आपण परवा काय बोलणार ते आज लिहून द्यावे, ही मागणी सोंगाड्याला त्याच्या कोणत्याही विनोदाहून विनोदी वाटली असली पाहिजे.

छापील नाटकात सोंगाड्याची जागा रिकामी राहिली, आणि त्याचे परिणाम मोठ्या नाटककारांनाही भोगावे लागले. नॉर्वेचा इब्सेन घ्या. त्याच्या 'डॉल्स हाऊस' नाटकाच्या अखेरीस नोरा नवरा आणि मुले सोडून दार लोटून जाते. 1880 साली जर्मनीत हेडविग नीमन-राब या नटीने सांगितले की मुलांना टाकून जाणारी बाई मी करणार नाही. तिथे कायदा इब्सेनच्या पाठीशी नव्हता. दुसऱ्या कोणी शेवट मोडला असता तरी त्याला थांबवता आले नसते. तेव्हा त्याने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला: नवरा तिला झोपलेल्या मुलांपाशी नेतो आणि ती दारातच कोसळते. आपण केलेल्या या बदलाला इब्सेनने स्वतः रानटी अत्याचार म्हटले. विशेष हे की नोरावर आक्षेप घेणारी बाईच होती. स्त्रिया विचारल्या की त्या नेहमी स्त्रीच्या बाजूनेच बोलतील, असा कोणाचा समज असेल तर तो इथे टिकत नाही.

आपल्याकडचा कसोटीचा प्रसंग 1972 चा, विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'चा. सखाराम छापखान्यात पुस्तकबांधणी करतो. नवऱ्याने टाकलेली किंवा नवरा टाकून आलेली बाई घरी आणायची, अटी आधीच सांगायच्या, पटेल तोवर राहायचे, न पटल्यास तिने चालते व्हायचे, अशी त्याची रीत. आधी लक्ष्मी येते, मग चंपा, आणि शेवट चंपाच्या खुनात होतो. दिग्दर्शन कमलाकर सारंगांचे. चंपा लालन सारंगांनी केली. आणि सखाराम केला निळू फुल्यांनी, जे 'कथा अकलेच्या कांद्याची' सारख्या लोकनाट्यातून आले होते. म्हणजे प्रेक्षकाशी डोळा भिडवून बोलायची सवय असलेला नट या वेळी अशा नाटकात उभा होता की जिथे प्रेक्षकाशी थट्टा करून सुटायला जागा नव्हती.

आक्षेपांचा पाऊस पडला. भाषा, दारू, चंपाचे रंगमंचावरचे वागणे. काही प्रयोग झाल्यावर मंडळाने नाटक अडवले, सारंग उच्च न्यायालयात गेले, आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. ती कहाणी त्यांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात सांगितली आहे. त्या वादात 'असला माणूस नायक कसा?' हा प्रश्न फार झाला. हा प्रश्न विचारणाऱ्याची मनोमन अशी समजूत असते की नायक म्हणजे अनुकरणाला ठेवलेला पुतळा. सखारामच्या बाबतीत मला तर दुसराच प्रश्न खरा वाटतो: तो नायक आहे तरी का? नाटकाला नाव त्याचे. पण चंपा मेल्यावर घराचा ताबा घेते ती हाडकुळी, देवभोळी लक्ष्मी, आणि सखाराम नुसता उभा राहतो. रागावलेल्या प्रेक्षकांनी सखारामकडे बोट दाखवले आणि लक्ष्मीकडे त्यांचे लक्षच गेले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेल्या 'घाशीराम कोतवाल'ची तऱ्हा आणखी निराळी. तिथे आक्षेप नाना फडणविसांच्या चित्रणावर होता, आणि 1980 साली परदेश दौऱ्याच्या वेळी 'हा इतिहास नव्हे' असे निवेदन प्रयोगापूर्वी करायचे ठरले, तेव्हा कुठे नाटक विमानात चढले. निवेदन झाले, नाटक होते तसेच राहिले. ऐकणाऱ्याच्या तक्रारीला अशी पाटी लावून वाट देणे हाही एक मार्ग आहे, जरी त्यात सोंगाड्याची मजा नाही.

आता एडमंटनच्या त्या कंपनीने काय केले ते सांगता येईल. जून 2012 मध्ये तिने त्या खेळाचा वाढीव शेवट फुकट दिला. तिन्ही वाटा होत्या तिथेच ठेवल्या, पण प्रत्येक वाटेने गेल्यावर कोणाचे काय झाले ते उलगडून दाखवले. आणि एक चौथी गोष्ट घातली. खेळणाऱ्याला आता म्हणता येऊ लागले की मला तुमच्या तिन्ही वाटा मान्य नाहीत. तसे म्हटले की शत्रू जिंकतो, जग बुडते, आणि पुढच्या युगातल्या कोणासाठी फक्त एक इशारा मागे राहतो. नकाराला जागा दिली आणि नकाराची किंमतही लावली. हे वाचले तेव्हा मला राजापुढे उभा असलेला सोंगाड्या आठवला. सांगाडा हलला नाही. आक्षेप मात्र राजाच्या कानावर गेला.

याच कंपनीची दुसरी गोष्ट थोडी हसण्याजोगी आहे. या खेळात नायक शेपर्ड हा पुरुष घ्यावा की स्त्री, हे खेळणाराच ठरवतो. 2011 साली कंपनीने सांगितले की स्त्री निवडणारे शेकडा अठराच आहेत. जाहिरातीत, वेष्टनावर सगळीकडे पुरुषाचेच चित्र. मग अठरा निघाले याचेच आश्चर्य करायला हवे. पुढे तिला अधिकृत रूप द्यायचे ठरले तेव्हा फेसबुकवर सहा चित्रे मांडून लोकांना कौल विचारला. सोनेरी केसांची, नाकावर वांगाचे ठिपके असलेली मुलगी जिंकली. लगेच ओरड झाली की जगाचा उद्धार करायला निघालेली सेनानी बाहुलीसारखी काय निवडता? मग केसांच्या रंगावर दुसरा कौल, आणि त्यात तांबडे केस जिंकले. पाहायला आलेल्या पोरीला चालून दाखव म्हणावे, केस सोडून दाखव म्हणावे, त्यातला हा प्रकार. पुरुष शेपर्डचे केस कोणते असावेत हे कोणी मताला टाकले नव्हते. त्या बाईला खरे बळ दिले ते जेनिफर हेल या अभिनेत्रीच्या आवाजाने, आणि आवाजाविषयी कौल कोणी घेतलाच नाही.

2020 च्या जूनमध्ये आलेल्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाने मात्र हसण्याला जागा ठेवली नाही. पहिल्या भागात, 2013 साली, खेळणारा जोएल नावाच्या माणसाच्या अंगात शिरून खेळला होता. दुसऱ्या भागात आरंभीच ॲबी नावाची तरुणी त्या जोएलला ठार करते, आणि पुढे जवळजवळ निम्मा खेळ त्याच ॲबीच्या अंगात शिरून खेळावा लागतो. ज्याचा सूड घ्यायचा त्याच्याच पायांनी चालायचे. कर्त्यांनी माघार घेतली नाही, आणि मला वाटते त्यांनी ती घेतली नाही हे बरे झाले. मूळ कथेचे सारे वजन त्या एका अदलाबदलीवर उभे आहे. पण लोकांचा राग कथा लिहिणाऱ्यांवरच थांबला नाही. ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तिच्या लहान मुलाचाही उल्लेख करून. पात्राचा राग नटीवर काढायचा ही चाल आमच्या तंबूंना अपरिचित नव्हती. तिथे फक्त टपालाची गरज नसे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स या लहान कंपनीने त्याच वर्षी 'राजी' नावाचा खेळ काढला. तो प्रौढांसाठी म्हणून नाही. पण त्याची नायिका कसरती करून पोट भरणारी, हरवलेल्या भावाला शोधणारी पोर आहे, राजकन्या नव्हे, हे नोंदण्यासारखे आहे. गोष्ट एकदम तुटते आणि लढाई कच्ची आहे, अशा तक्रारी समीक्षकांनी केल्या. 2022 साली सुधारलेली आवृत्ती निघाली; लढाई नीट केली, दृश्ये नव्याने बांधली, हिंदी आवाज घातला. नायिका बदला असे कोणी म्हटले नाही.

येथवर ज्यांचे बोलणे ऐकू आले ते सारे तंबूत येऊ शकणारे. पैसे देणारे, केक पाठवणारे, न्यायालयात जाणारे. पण परभणीच्या त्या जत्रेत निम्मे गाव आलेलेच नव्हते. घरंदाज म्हणवणारी बाई तमाशाला जात नसे, आणि कोणी तिला विचारलेही नाही. तिने आपले म्हणणे मांडले ते पहाटे, जात्यापाशी.

गंगाखेड हे याच जिल्ह्यातले, गोदेकाठचे. जनाबाई तिथली. नामदेवाच्या घरची दासी, आणि तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसे ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. दळणारीच्या समोर येऊन खुंट्याला हात लावणारा ऐकणारा! कथा सांगणारी आणि ऐकणारा एकाच श्रमाला जुंपलेले, असे चित्र कोणत्या नाट्यशास्त्रात सापडेल? जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एक ओवी म्हणते, दुसरी उचलते, तिच्यात आपले घालते. प्रेक्षक आणि कर्ता असा भेद तिथे उरतच नाही.

या बायांनी रामायण घेतले आणि त्यातला नायक बदलला. त्यांच्या ओव्यांत राम आहे, पण कथा चालते ती सीतेच्या मागून. राज्याभिषेक त्यांना फारसा लागत नाही. लागतो तो वनवास, आणि तोही दुसरा, गरोदर सीतेला एकटीला दिलेला. तिला समजावायला रानातल्या बोरी आणि बाभळी बाया होऊन येतात. परभणीच्या माळावर बोर आणि बाभळ सोडून दुसरे झाड शोधावेच लागते. सीतेचे दुःख असे शेताच्या बांधावर आणून बसवले आहे. सासू, नणंद, संशय, माहेरची वाट, हे सारे त्यात आपोआप आले, कारण म्हणणारीच्या घरी ते होतेच.

याच कथेचा शेवट आठव्या शतकात भवभूतीलाही सहन झाला नव्हता. तो पद्मपुरचा, वा. वि. मिराशी यांनी ते गाव विदर्भातल्या आमगावजवळचे ठरवले आहे. 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात त्याने रामालाच प्रेक्षक करून गंगेच्या काठी बसवले आणि त्याच्यापुढे सीतेच्या त्यागाचे नाटक लावले. राम ते पाहून मूर्च्छित पडतो. आणि मग सीता खरीच येते, तिच्या स्पर्शाने तो सावध होतो, आणि दोघे एकत्र होतात. वाल्मीकीच्या परंपरेत सीता धरणीत जाते. भवभूतीने तिला परत आणले. त्याने शेवट बदलला, रामाचे दुःख संपवले, आणि प्रेक्षक सुखाने घरी गेले. जात्यावरच्या बायांनी शेवटाला हात लावला नाही. सीता त्यांच्याकडेही रानातच राहते. त्यांनी मागितले ते वेगळेच होते: कथा तिच्याजवळ बसून सांगा, एवढेच.

पंडिताला आणि दळणारीला एकच कथा खुपली, पण खुपली निरनिराळ्या जागी. भवभूतीच्या सभेत जर कोणी विचारले असते की या कथेत काय बदलावे, तर 'शेवट' हेच उत्तर आले असते, कारण सभेत बसणारे बहुतेक रामासारखेच, बायको घरी ठेवून आलेले होते.

हे सारे वाऱ्यावर गेले असते. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती परसात पडली, आणि ओवी म्हणायला पहाटेचे कारण राहिले नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी 1980 च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1996 साली परभणी जिल्ह्यातल्या ताडकळस गावी बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण केले, आणि सीतेचा वनवास गाणाऱ्या तिथल्या एका बाईचा आवाज आज कोणालाही घरबसल्या ऐकता येतो. त्यात वाद्य नाही. श्वास घ्यायला ती थांबते तेवढाच ठेका, आणि सीतेचे नाव घेताना ती किंचित सावकाश होते.

लग्नघरी हळद दळायला जाते अजून मांडतात. त्याला सुपारी बांधतात, कुंकू लावतात, आणि पाच सुवासिनी खुंट्याला हात लावतात. म्हाताऱ्या बायांपैकी कोणीतरी ओवी सुरू करते. बाहेर मांडवात पुरुष पत्रिकेतल्या चुका काढीत बसलेले असतात.